जमीन खरेदीचा निधी : सनदेत की अंदाजपत्रकात?

प्रश्न : मोकळ्या जागा विकत घेण्यासाठीचा निधी शहराच्या सनदेतच, म्हणजे त्याच्या कारभाराच्या मूळ कायद्यातच, बंधनकारक करावा का?

उत्तर : करावा. जमीन काही अंदाजपत्रकाचं वेळापत्रक बघून विक्रीला निघत नाही. पैसा हाताशी नसला की बिल्डर इसार देऊन मोकळा होतो. अमेरिकेतल्या बोल्डर शहरानं १९६७ मध्ये मतदारांच्या मंजुरीनं यासाठी ०.४ टक्के विक्रीकर लावला, तो अशाच चिंतेतून.

खरी मेख मसुद्यात असते. ठोक रक्कम लिहिली तर महागाई ती खाऊन टाकते, म्हणून कराची टक्केवारी लिहा. शिल्लक वर्षअखेरीस रद्द न होता पुढे ओढली जावी; नाहीतर शेवटच्या महिन्यात घाईघाईनं भलतीच जागा गळ्यात पडते. ‘नवा निधी आलाच आहे’ म्हणत उद्यान विभागाची जुनी तरतूद तेवढ्यानं कापण्याची चलाखी तर हमखास होते! त्यासाठी एक आधारवर्ष धरून त्या तरतुदीची किमान पातळी सनदेतच नमूद करा. कुंपण आणि देखभालीचा वाटाही ठेवा. घेतलेली जमीन पुढे विकायची झाल्यास मतदारांचा कौल घेणं सक्तीचं हवं.

कर्जात बुडालेल्या पालिकेला मात्र कायमचं बंधन झेपत नाही. तिथे दहा वर्षांची मुदत घालून फेरमंजुरी घ्यावी.