वाचकांचे प्रश्न : दान, पावती आणि गोव्यातील दांपत्याचा कर

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून पत्नीसह फोंड्यात राहतो. दोघेही साठी ओलांडलेले आहोत. मला वर्षाला सहा लाख रुपये निवृत्तिवेतन मिळते आणि माझ्या नावावरील मुदत ठेवींवर आठ लाख रुपये व्याज येते. अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेला 2025-26 या वर्षात दोन लाख रुपये दिले. संस्थेचे कार्यवाह म्हणाले, “सर, अर्धी रक्कम करातून सुटते.” हे खरे आहे का?

उत्तर : कार्यवाहांचे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि तुमच्या बाबतीत तेवढेही उपयोगाचे नाही. आयकर अधिनियम, 1961 च्या कलम 80जीखाली अशा संस्थेला दिलेल्या देणगीच्या पन्नास टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते. वजा होते ती उत्पन्नातून, करातून नव्हे. पावती फाडताना हा फरक क्वचितच सांगितला जातो. शिवाय देणगीची जी रक्कम हिशेबात धरायची, तिला समायोजित एकूण उत्पन्नाच्या, म्हणजे इतर वजावटी गेल्यावर उरणाऱ्या उत्पन्नाच्या, दहा टक्क्यांची मर्यादा असते.

आता तुमचा हिशेब. तुमचा विवाह गोव्यातील पोर्तुगीज नागरी संहितेच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखाली आहे असे गृहीत धरतो, कारण वेगळा विवाहपूर्व करार केलेला नसेल तर येथे तीच पद्धत लागू होते. अशा दांपत्यासाठी कलम 5अ सांगते की पगार सोडून इतर सर्व उत्पन्न पती-पत्नीत समसमान वाटून प्रत्येकाच्या विवरणपत्रात दाखवावे, मग ठेवी कोणाच्याही नावावर असोत. निवृत्तिवेतन पगाराच्या शीर्षाखाली येत असल्याने ते संपूर्ण तुमचेच राहते. व्याजाचे चार लाख तुमचे आणि चार लाख पत्नीचे.

जुन्या करप्रणालीत तुमचे उत्पन्न सहा अधिक चार, म्हणजे दहा लाख. त्यातून निवृत्तिवेतनावरील पन्नास हजारांची प्रमाणित वजावट आणि ज्येष्ठ नागरिकाला व्याजावर मिळणारी पन्नास हजारांची वजावट गेल्यावर नऊ लाख उरतात. त्याचे दहा टक्के नव्वद हजार, आणि त्याच्या निम्मे पंचेचाळीस हजार. दोन लाख देऊन वजावट मिळते ती एवढी. तुमच्या वीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून 9,360 रुपये वाचतात आणि कर 93,600 वरून 84,240 वर येतो.

आता नव्या करप्रणालीकडे पाहा. तेथे कलम 80जीची वजावट नाही. परंतु 2025-26 पासून बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. प्रमाणित वजावट तेथे पंचाहत्तर हजार असल्याने तुमचे करपात्र उत्पन्न सव्वानऊ लाख भरते. म्हणजे पावतीसाठी जुनी प्रणाली निवडली, तर 9,360 रुपये वाचवण्याच्या नादात 84,240 रुपये भराल. पत्नीला तर दोन्ही प्रणालींत कर नाही, त्यामुळे त्यांच्या नावाच्या पावतीचाही करापुरता उपयोग नाही. देणगी द्यायची की नाही हा तुमच्या मनाचा प्रश्न आहे आणि ती दिल्याबद्दल तुमचे कौतुकच वाटते. पण करप्रणाली निवडताना ती पावती बाजूला ठेवावी.

ज्यांचे घरभाडे किंवा धंद्याचे उत्पन्न मोठे आहे आणि ज्यांना गृहकर्ज, विमा वगैरे धरून जुनी प्रणालीच परवडते, त्यांनी मात्र एक काळजी घ्यावी. उत्पन्न दोघांत वाटले जाते, पण देणगीचे प्रमाणपत्र ज्याच्या पॅन क्रमांकावर निघते, वजावट त्यालाच मागता येते. दोघांच्याही उत्पन्नाची मर्यादा वापरायची असेल, तर दोघांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर, स्वतंत्र देणग्या द्याव्यात.

प्रश्न : आमच्या गावातील देवस्थानाच्या जीर्णोद्धारासाठी पंचवीस हजार रुपये रोख दिले. पावतीवर देवस्थानाचा शिक्का आहे. वजावट मिळेल का?

उत्तर : नाही. दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही. त्यातले पहिले दोन हजारही धरले जात नाहीत. धनादेशाने किंवा यूपीआयने दिले असते, तरी दुसरा अडसर राहिलाच असता. देऊळ, मशीद, चर्च अशा प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या देणगीला कलम 80जी तेव्हाच लागू होते, जेव्हा केंद्र सरकारने ते स्थळ ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचे, अथवा राज्यभर ख्यातनाम म्हणून अधिसूचित केलेले असते. देवस्थान पोर्तुगीज काळापासूनच्या देवस्थान नियमनानुसार नोंदलेले आहे आणि मामलेदार त्याचा प्रशासक आहे, एवढ्याने ते होत नाही. देऊळ कितीही प्रसिद्ध असले तरी कमिटीकडे अधिसूचनेची प्रत मागावी. काही महाजन मंडळी (देवस्थानाचे हक्कदार सदस्य) वेगळा न्यास काढून त्याला नोंदणी मिळवतात; पण तो न्यास एखाद्या विशिष्ट जातीच्या वा धार्मिक समाजाच्या हितासाठीच असेल, तर त्यालाही हे कलम लागू होत नाही. तांदूळ, नारळ, समई, चांदीचा मुखवटा यांना तर मुळीच नाही, कारण वस्तुरूप दानाला वजावट नाही.

शिक्क्याविषयी थोडे अधिक. माझ्याकडे येणाऱ्या पावत्यांवर जांभळ्या शाईत “80जी मान्यता” असे ठसठशीत छापलेले असते, आणि खालचा क्रमांक कधीच कालबाह्य झालेला असतो. 2021 मध्ये जुन्या संस्थांना नव्याने नोंदणी करावी लागली, ती पाच वर्षांची होती. तेव्हा मुदत पाहावी. 2025-26 च्या देणगीसाठी शिक्क्यापेक्षा नमुना 10बीई हे प्रमाणपत्र महत्त्वाचे. संस्थेने 31 मे पर्यंत विवरण भरले की ते आयकर खात्याच्या संकेतस्थळावरून निघते. ते नसेल तर विवरणपत्रातील दावा अडतो.

प्रश्न : आमची डिचोलीतील वडिलोपार्जित घराची जागा मृत्युपत्राने गावच्या वाचनालयाला द्यायची आहे. दोन मुलगे परदेशी आहेत. कर वाचेल का?

उत्तर : कराच्या आधी हक्काचा विचार करावा लागेल. सामाईक मालमत्तेत निम्मे घर पत्नीचे. उरलेल्या निम्म्यातही मुले असताना अर्ध्या भागावर त्यांचा कायदेशीर वाटा राखलेला असतो आणि तो मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. म्हणजे तुमच्या एकट्याच्या मृत्युपत्राने, दुसरी मालमत्ता नसल्यास, घराचा पाव भागच वाचनालयाकडे जाऊ शकतो. पत्नीनेही तसेच केले, तर दोघांचे मिळून निम्मे. हयातीत दानपत्र केले तरी दोघांची संमती व सही लागेल, आणि राखीव वाट्यावर आक्रमण करणारे दान मृत्यूनंतर मुलांच्या मागणीवरून कमी होऊ शकते. म्हणून मुलांशी आधी बोला, मग विशेष नोटरीकडे जा.

करापुरते उत्तर लहान आहे. भारतात 1985 पासून मृत्युशुल्क नाही, तेव्हा मृत्युपत्राने वाचवायला कर नाही. आणि घर ही वस्तू असल्याने कलम 80जी लागू होत नाही. दानपत्राने दिल्यास भांडवली नफा धरला जात नाही. घर विकून पैसे देण्याचा विचार असेल, तर नफ्यावर कर लागेल (कलम 5अ मुळे तो दोघांत विभागला जाईल), आणि ती दहा टक्क्यांची मर्यादा काढताना दीर्घकालीन भांडवली नफा वगळला जातो. विक्रीच्या वर्षी मोठी देणगी दिली तर मर्यादाही तेवढीच मोठी होईल, ही समजूत येथे फसवते.

प्रश्न : माझ्या मुलाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे. तो परदेशातून त्याच वाचनालयाला पैसे पाठवू शकतो का?

उत्तर : भारतीय पासपोर्ट असता तर स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवता आले असते. परकीय नागरिकत्व घेतल्यावर, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी, ती रक्कम परकीय देणगी ठरते आणि ती घ्यायला वाचनालयाकडे परकीय देणगी नियमन कायद्याखालील (एफसीआरए) नोंदणी व भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत विशिष्ट खाते लागते. गावच्या वाचनालयाकडे ते बहुधा नसेल. कमिटीने नकळत पैसे घेतले, तर कारवाईला वाचनालय सामोरे जाईल, मुलगा नव्हे. म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी त्याने कमिटीला पत्र लिहून नोंदणी क्रमांक मागवावा.