सोलापुरात नोकरी सांभाळून घरबसल्या खगोलशास्त्राची पदवी घेता येते का?

येते, पण आधी गणिताची तयारी बघा. बारावीचं कॅल्क्युलस विसरला असाल तर प्रवेशाची घाई करू नका. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन व्यासपीठांवर मोफत अभ्यासक्रम आहेत, त्यांवर आधी हात बसवा. निव्वळ खगोलशास्त्र दूरस्थ पद्धतीने शिकवणाऱ्यांत इंग्लंडमधल्या सेंट्रल लँकेशायर (आताचं लँकेशायर) विद्यापीठाचं नाव जुनं आहे. इंग्लंडमधल्याच ओपन युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी तर टेनेरिफ बेटावरची दुर्बीण इंटरनेटवरून चालवतात. परदेशी फी मात्र जड जाते. परवडत नसेल तर इग्नू या आपल्याकडच्या मुक्त विद्यापीठाची भौतिकशास्त्राची पदवी घ्या. खगोलशास्त्राचा पाया तोच आहे.

वेळेचं गणितही मांडा. हिवाळ्यात तिकडचा संध्याकाळी सातचा वर्ग म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. सकाळच्या पाळीला जाणाऱ्याने रेकॉर्डिंग मिळतं का, हे आधी विचारून घ्यावं.

आणखी एक. तिकडची पुस्तकं तिकडच्या आकाशावर बेतलेली असतात. त्यांत सप्तर्षी कधी मावळत नाहीत, सोलापुरात मावळतात. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंशांवर, म्हणजे उत्तरेला एखादी इमारत आडवी आली की संपलं. उलट फेब्रुवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास दक्षिणेला झळकणारा अगस्ती तारा लँकेशायरमधून कधीच दिसत नाही. म्हणून निरीक्षणाची वही पहिल्या दिवसापासून स्वतःची ठेवा: तारीख, वेळ, दिशा, ढग. शहराच्या दिव्यांपासून जरा लांब, अक्कलकोटच्या वाटेवर एखादं मोकळं शेत मिळालं तर फारच उत्तम.