पाय काढला तरी रेस उतरत नाही

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि देखभाल

प्रश्न : आमची २००८ सालची मारुती ऑम्नी व्हॅन आहे, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी संगणकाच्या हिशोबाने पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाची. रामबागेतून पलासिया, विजयनगरपर्यंत दुपारचे डबे हिच्यातूनच जातात. सकाळी थंड असताना गाडी ठीक चालते. गरम झाली की सिग्नलवर पाय काढला तरी रेस उतरत नाही, आणि वूंऽऽ वूंऽऽ करत आपोआप वर-खाली होत राहते. सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलेला आहे, पण पेट्रोलवरही तेच होतं. मिस्त्रींनी प्लग बदलले, थ्रॉटलचा सेन्सर बदलला, एक स्क्रूही फिरवून पाहिला. आता म्हणतात, ईसीयू (इंजिनाचा संगणक) बदलावा लागेल. बदलू का?
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : नाही ताई, ईसीयूला अजून हात लावू देऊ नका. तुमच्या पत्रातच निम्मं निदान आहे. पेट्रोल आणि गॅस, दोन्हींवर तोच त्रास, म्हणजे इंधनाच्या बाजूला दोष असण्याची शक्यता कमी. दोन्हींना सामाईक आहे ती हवा. पाय काढल्यावर थ्रॉटलची पाकळी (हवेच्या वाटेवरची झडप) बंद होते. तरीही इंजिन जोरात फिरतंय, याचा अर्थ हवा दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने आत जातेय. ती वाट सापडेपर्यंत एकही नवा पार्ट विकत घेऊ नका.

वर-खाली का होतं, तेही समजून घ्या. या गाडीचा ईसीयू मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यातला) दाब मोजून इंधन ठरवतो. चोरवाटेने हवा आली की दाब वाढतो, ईसीयू त्या मानाने जास्त पेट्रोल देतो आणि इंजिनाचे फेरे चढतात. पण पाकळी बंद आणि फेरे मात्र ठरावीक आकड्याच्या वर (मिनिटाला साधारण दीड ते दोन हजार) असले की ईसीयू समजतो, गाडी उतारावर आहे. तो इंधन तोडतो. फेरे पडतात, इंधन पुन्हा सुरू होतं, पुन्हा चढतात. तुमचं ‘वूंऽऽ वूंऽऽ’ ते हेच. थंड इंजिनाला ईसीयू स्वतःच जास्त फेरे देतो आणि तेव्हा इंधन तोडायची मर्यादाही वरची असते, म्हणून सकाळी दोष झाकला जातो. म्हणजे तुमचा ईसीयू बिघडलेला तर नाहीच, तो शिकवल्याप्रमाणे चोख काम करतोय.

आता शोध. गाडी मोकळ्या जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. ऑम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे सीट उचलून काम करावं लागतं आणि तापलेला एक्झॉस्ट हाताशीच असतो. पदर, ओढणी, सैल बाही अजिबात नको. हे काम मिस्त्रींकडूनच करून घ्या, पण शेजारी उभं राहून.

पहिली कसोटी : गाडी पेट्रोलवर गरम करा. आयडलची (पाय काढल्यावर इंजिन मंद फिरत राहायला लागणारी) हवा पाकळीला वळसा घालून ज्या छिद्रातून किंवा नळीतून जाते, ते क्षणभर बंद करा. इंजिन बंद पडलं किंवा बंद पडायच्या बेताला आलं, तर जादा हवा आयडल व्हॉल्व्हमधूनच येतेय. तो कार्बनने उघडा अडकलेला असेल. काढून स्प्रेने साफ करा, पण त्याच्या टोकाची सुई जोर लावून आत ढकलू नका आणि विजेच्या भागात स्प्रे जाऊ देऊ नका. छिद्र बंद करूनही इंजिन तसंच फिरत राहिलं, तर व्हॉल्व्ह निर्दोष. हवा पुढे कुठेतरी शिरतेय.

मग मॅनिफोल्डला जोडलेली एकेक रबरी नळी पकडीने हलकेच दाबायची : ब्रेक बूस्टर (ब्रेकला जोर देणारा डबा) असेल तर त्याची, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या व्हॉल्व्हची), पेट्रोलच्या वाफेच्या कॅनिस्टरची. जी दाबल्यावर रेस उतरेल, दोष त्या वाटेवर. (पीसीव्ही दाबल्यावर फेरे थोडे उतरतातच, धाडकन उतरले तर संशय घ्या.) बूस्टरची नळी निघाली तर त्याच दिवशी दुरुस्त करा, कारण मग प्रश्न ब्रेकचा आहे. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारा, दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर त्या गाडीने डबे पाठवू नका.

माझा सगळ्यात जास्त संशय मात्र किटवर आहे. सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारा) किट असेल, तर तो बसवताना मॅनिफोल्डला भोकं पाडून निपल लावलेले असतात, शिवाय रेड्युसरकडे (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाकडे) जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी टी लावून काढलेली असते. उष्णतेने ती नळी कडक होऊन तडकते, निपलही सैल पडतात. इंजिन पेट्रोलवर चालू ठेवून या सांध्यांवर आणि मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर पाण्याचा बारीक फवारा मारा, विजेच्या जोडण्या सांभाळून. जिथे आवाज बदलेल तिथे गळती. पेट्रोल किंवा थिनर शिंपडून गळती शोधणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. सीटखालच्या इंजिनावर हा आगीशी खेळ आहे, त्यांना तिथेच थांबवा. किटला हात लागतोच आहे तर गॅसच्या सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली आहे का, तेही बघा.

मिस्त्रींकडे व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारा काटा) असेल तर उत्तमच. गेजसोबतच्या कागदावर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. आपलं इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, इथे काटा पावणेदोन-दोन इंच खालीच राहणार. १६ दिसले म्हणून घाबरू नका, १० दिसले तर शोधत राहा.

तो स्क्रू पूर्वीच्या जागी आणायला सांगा. पाकळी किती मिटायची हे कारखान्यातच ठरलेलं असतं. स्क्रू आत घातला की पाकळी उघडीच राहते, आणि आता एका दोषाचे दोन झाले असतील. रेसच्या वायरला थोडी ढील आहे ना, हेही बघा.

एवढं करूनही काही सापडलं नाही, तर कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) सेन्सरचा रोध मोजा. २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम यायला हवेत. गरम इंजिनावरही आकडा मोठाच राहिला, तर ईसीयू इंजिन थंड समजून रेस वर ठेवतो. मोजण्याआधी कूलंटची पातळी बघा, तीही इंजिन थंड असताना. सेन्सरभोवती हवेचा फुगा अडकला असेल तरी तो खोटं सांगतो.

प्रश्न : माझी व्हॅन १९९६ची, कार्बोरेटरची. तिचाही स्लो (आयडल) वर-खाली होतो. उपाय तोच का?
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : हवेची गळती शोधायची रीत तीच, कारण मात्र वेगळं. तुमच्याकडे ईसीयू नाही, त्यामुळे इंधन तोडणारं कुणी नाही. कार्बोरेटरवर स्लो हिंदकळतो तो मिश्रणात पेट्रोल कमी पडल्यामुळे. आधी स्लो जेट काढून हवेच्या दाबाने साफ करा. तार घालू नका, भोक मोठं होतं. मग कार्बोरेटरखालचं पॅकिंग आणि बेस वाकला आहे का ते सपाट पट्टी धरून बघा. शेवटी थ्रॉटलचा दांडा हाताने हलवून पाहा. तो खडखडत असेल तर नुसतं पॅकिंग बदलून भागणार नाही. बॉडीला बुश घालून घ्यावा लागेल, किंवा चांगल्या अवस्थेतला दुसरा कार्बोरेटर शोधावा लागेल.