कॅसेटीला बुरशी, डीव्हीडी अडकते, आता काय?

प्रश्न: आमच्या लग्नाची १९९३ची व्हीएचएस कॅसेट कपाटात आहे, तिच्या काचेतून आत पांढरे ठिपके दिसतात. तिच्यावरून २००९ला डीव्हीडी करून घेतलेली, ती आता मधेच अडकते. पण त्याच वर्षी विकत घेतलेली सिनेमाची डीव्हीडी अजून झकास चालते, हे कसं? आणि ब्लू-रे घेऊन ठेवण्यात आता अर्थ आहे का?
एक वाचक, फोंडा

उत्तर: आधी एक करा, ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. ते ठिपके म्हणजे बुरशी, टेप फिरली की ती हेडला, म्हणजे मशीनच्या टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि मग त्याच मशीनमध्ये घातलेली दुसरी चांगली कॅसेटही बिघडते. आपल्याकडे पावसात चामड्याच्या चपलांना बुरशी धरते, तर टेपचं काय घेऊन बसलात, चुंबकीय कण धरून ठेवणारा तिचा थरच ओल शोषतो. टेप साफ करणाऱ्याकडे द्या आणि फाइल करून घ्या.

डीव्हीडीचं म्हणाल तर दोन्ही दिसायला सारख्या पण जात वेगळी. सिनेमाची डिस्क साच्यातून दाबून काढतात, खड्डे तिच्यात कायमचे उठलेले असतात, तिच्यात ओल शिरली तर आतलं ॲल्युमिनियम गंजतं एवढंच. स्टुडिओत बर्न केलेलीत मात्र डायचा, म्हणजे रंगद्रव्याचा, थर लेझरने भाजलेला असतो, तो डाय उष्णतेने, उन्हाने हळूहळू बिघडत जातो, वर कुणी स्टिकर चिकटवला असेल तर बघायलाच नको. टीव्हीच्या प्लेअरला नाही जमलं तरी कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला कधीकधी जमतं, आजच ट्राय करा आणि उघडली की लगेच कॉपी मारा.

व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी जपानची फुनाई, तिनेही २०१६ला हात टेकले. सोनीने कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन फेब्रुवारी २०२५मध्ये थांबवलं, पण सिनेमाच्या ब्लू-रे अजून निघतायत. आवडीचे सिनेमे असतील तर मी म्हणेन घ्या, ओटीटीवरून एखादा सिनेमा कधी गायब होईल सांगता येत नाही, फक्त प्लेअर धड ठेवा, पुढे खरी अडचण त्याचीच येणार.

फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच घरात. मूळ कॅसेट मात्र टाकू नका हां, साफ झाली की घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून उभी ठेवा आणि त्या पुड्या दरवर्षी बदला, गेल्या चवथीच्या पुडीत आता काही दम नसतो.