‘डेसिमेट’ : दहातला एक की बहुतेक सगळे?

‘डेसिमेट’ या इंग्रजी क्रियापदाबद्दल विचारणा झाली आहे. साथीने लोकसंख्या, रोगाने जंगल, मंदीने एखादा उद्योग ‘डेसिमेट’ झाल्याचे वाचायला मिळते. पण काही जाणकार म्हणतात की शब्दाचा मूळ अर्थ ‘दहापैकी एकाला ठार मारणे’ एवढाच, बाकीचा वापर अडाणीपणाचा. मग खरे काय, आणि मराठीत याला काय म्हणावे?

आजचा वापर बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही मुळाशी जाण्यात अर्थ आहे, कारण या शब्दाला जी धार आहे ती तिथूनच आली आहे.

लॅटिनमध्ये ‘डेकेम’ म्हणजे दहा आणि ‘डेकिमुस’ म्हणजे दहावा. आपले ‘दश’ आणि ‘दशम’ हे त्यांचे सख्खे भाऊबंद. उच्चार शेजारी ठेवून पाहिले की नाते कानालाच कळते. यावरून क्रियापद झाले ‘डेकिमारे’. रोमन सैन्यात ही एक शिक्षा होती, आणि ती शत्रूला नव्हे, आपल्याच सैनिकांना दिली जाई. एखादी तुकडी रणांगण सोडून पळाली, तर सगळ्यांना मारून सैन्य कमी करणे परवडणारे नसे आणि सगळ्यांना सोडणेही शक्य नसे. मग चिठ्ठ्या टाकत. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने ही पद्धत नोंदवून ठेवली आहे. अपराध्यांपैकी साधारण दहावा हिस्सा निघेल अशा बेताने नावे काढायची आणि त्या अभाग्यांना दांडक्यांनी बडवून मारायचे. मारणारे कोण? छावणीतले त्यांचेच सोबती. जे वाचले त्यांना गव्हाऐवजी जव मिळत आणि मुक्काम तटबंदीबाहेर, उघड्यावर करावा लागे. पुढे स्पार्टाकस या गुलामाने केलेल्या बंडाच्या वेळी क्रॅसस या सेनापतीने मागे पडलेली ही शिक्षा पुन्हा उकरून काढली.

इथे दहा हा आकडा थोडा की फार हा मुद्दाच नाही. कोण शूर, कोण भेकड याची चौकशी न होता चिठ्ठी ज्याच्यावर येईल तो मेला, आणि उरलेले नऊ जण ते डोळ्यांसमोर बघत राहिले. सगळी जरब यातच होती.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. मधल्या काळात त्याला कराचाही अर्थ होता. १६५५ मध्ये इंग्लंडात राजेशाही उलथवून आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीने राजाच्या बाजूच्या जमीनदारांवर जो दहा टक्के कर बसवला, तोही ‘डेसिमेशन’ म्हणूनच ओळखला जातो. पण त्याच सतराव्या शतकात ‘मोठ्या प्रमाणावर संहार करणे’ हा अर्थ रुळू लागला. १८७० मध्ये रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन टीकाकाराने त्यावर जाहीर आक्षेप घेतला, तोवर हा अर्थ दोनशे वर्षांचा झाला होता!

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. ‘तेल’ तिळापासून आले, म्हणून शेंगदाण्याच्या तेलाला कुणी हरकत घेत नाही. ‘शाई’ फारसीतल्या काळेपणाच्या शब्दावरून आली, तरी आपण खुशाल लाल शाई म्हणतो. तोच न्याय इंग्रजीलाही लावावा. (डिजिटल संकेतांच्या, म्हणजे सिग्नलच्या, शास्त्रात तर ‘डेसिमेशन’ म्हणजे दर काही नमुन्यांतला एकच ठेवून मधले गाळणे. दहाच्या पटीने केले, तर दहातला एक उरतो आणि नऊ जातात, म्हणजे रोमच्या अगदी उलट.)

वापरताना मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. हा शब्द समूहासाठी आहे: सैन्य, लोकसंख्या, कळप, जंगल, उद्योग. एकटा माणूस ‘डेसिमेट’ होत नाही. दुसरे म्हणजे काहीतरी मागे उरायला हवे. उत्तर अमेरिकेतले कोट्यवधी बायसन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजाराच्याही खाली आले. तिथे हा शब्द चपखल बसतो. डोडो पक्षी मात्र एकही उरला नाही, तिथे तो लावू नये. ‘पूर्णपणे डेसिमेट’ किंवा ‘चाळीस टक्के डेसिमेट’ हेही टाळलेले बरे. आकडा सांगायचाच असेल तर सरळ ‘चाळीस टक्के मेले’ म्हणावे.

याच कारणाने मराठीत ‘नायनाट’, ‘निर्वंश’, ‘समूळ उच्छेद’ हे शब्द मला पटत नाहीत. त्यात मागे कुणी उरतच नाही. ‘दाणादाण’मध्ये पळापळ आहे, मरण असेलच असे नाही. सगळीकडे चालेल असा एकच शब्द शोधण्यापेक्षा संदर्भ पाहून निवडावा. सैन्याविषयी ‘निम्मीअधिक फौज गारद झाली’ किंवा ‘कापली गेली’. साथीविषयी ‘माणसे पटापट मेली, मोजकीच उरली’. प्राण्यांविषयी ‘बेसुमार शिकारीने कळपच्या कळप संपले’. खेळात एका बाजूने दुसरीला पार लोळवले, तर ‘धुव्वा उडवला’. आणि उद्योग किंवा शेतीबद्दल असेल, तर ‘कंबरडे मोडले’ याच्याइतका नेमका शब्दप्रयोग मला दुसरा दिसत नाही: जीव शिल्लक आहे, पण उभे राहण्याची ताकद गेली.