पाच वर्षांच्या मुलाची दुधाची दाढ किडलीये, डॉक्टर रूट कॅनाल सांगतायत. पडणाराच दात आहे तर थांबलं तर चालेल का?

नका थांबू, करून घ्या. तुम्ही लिहिलंय की सासूबाई म्हणतात दुधाचा दात आज ना उद्या पडणारच, त्यावर पैसे कशाला घालायचे. अगदी शब्दशः हेच आमच्या घरात २०१८ साली माझे सासरे, अण्णा, म्हणाले होते, आणि माझी मुलगी चिऊ आज तेराव्या वर्षी तोंडात दात सरळ करायच्या तारा घेऊन बसलीये, म्हणून राहवलं नाही.

आम्ही कराडजवळ एका गावात राहतो, एकत्र कुटुंब. चिऊ तेव्हा पहिलीत. खालची उजवी मागची दाढ, तिच्यावर मोहरीएवढा काळा ठिपका दिसला म्हणून मी तिला घेऊन कराडला गेले. डॉक्टरांनी एक्स-रे काढून दाखवला, वरून मोहरी आणि आतून सगळं पोखरलेलं, पार आतल्या नसेपर्यंत. दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ असतं आणि आतली नस दाताच्या मानाने मोठी, त्यामुळे कीड आत शिरायला वेळ लागत नाही. नसेची ट्रीटमेंट, म्हणजे रूट कॅनालच, आणि वर स्टीलची कॅप, सगळं मिळून ४५०० रुपये. घरी येऊन सांगितलं तर अण्णा म्हणाले एवढ्यात ट्रॉलीभर शेणखत येतंय, पडणाऱ्या दाताला कसली टोपी घालताय. आमचे हे गप्प. अण्णाच वर बाजाराच्या दिवशी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली कीड काढणारा बसतो त्याच्याकडे न्या म्हणाले. ते मात्र मी ऐकलं नाही. दातात किडा बिडा काही नसतो हो, गोड खाल्लं की जंतू आम्ल तयार करतात आणि त्याने दात विरघळतो, धुरी देऊन वाटीतल्या पाण्यात पांढरं काहीतरी पाडून दाखवतात ते दातातून आलेलं नसतं.

मग लवंग. जुलैभर रात्री उठून रडायची, मी लवंगेच्या तेलाचा बोळा धरायचे. आणि ऑगस्टमध्ये दुखायचं आपोआप थांबलं. सगळे म्हणाले बघ, थांबलं की नाही. दाढेच्या खाली हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पिवळी पुळी यायची, फुटायची, चार दिवसांनी परत यायची, मला वाटलं उष्णतेची असेल. हे नीट वाचा, कारण इथेच मी फसले. दुखणं थांबलं ते बरं झालं म्हणून नाही, आतली नस मेली होती आणि पू त्या पुळीतून बाहेर यायला वाट मिळाली होती. तुमच्या मुलाच्या हिरडीवर असली पुळी आहे का ते आज रात्रीच बॅटरी धरून बघा.

गौरी जेवणाच्या दिवशी ती वाट बंद झाली. मी पुरण वाटत होते आणि चिऊ नवीन परकर घालून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, काही बोलेना. उजवा गाल जबड्याच्या खालपर्यंत सुजलेला, कातडी ताणून चकाकत होती, हात लावला तर भाजत होतं. ताप १०२. तोंड उघड म्हटलं तर माझं एक बोट जाईल एवढंच उघडलं. पुरण तसंच टाकून आम्ही कराड गाठलं. दोन दिवस अॅडमिट, सलाईनमधून अँटिबायोटिक, मग दाढ काढली. बिल १८ हजार. शेणखताच्या चार ट्रॉल्या.

तिथेही संपलं नाही. डॉक्टर म्हणाले मोकळ्या जागेत ती जागा धरून ठेवणारा स्पेस मेंटेनर बसवू, शेजारच्या दाढेला रिंग आणि पुढे तारेचा लूप, ३००० रुपये. घरात परत तेच, आता तर दातही नाही आणि नसलेल्या दाताचे पैसे! आणि मी तेव्हा भांडायला थकले होते, राहिलंच ते. ती दाढ दहा ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहून खालून येणाऱ्या दाताची जागा धरून ठेवते हो, तेच तिचं काम. तिच्या मागे सहाव्या वर्षी एक दाढ येते, तिच्यासाठी कुठलाच दुधाचा दात पडत नाही त्यामुळे लोकांना तीही दुधाचीच वाटते, पण ती जन्मभराची असते. चिऊची ती दाढ पुढे सरकत सरकत रिकाम्या जागेत आली. अकराव्या वर्षी खालचा दात निघाला तो जागा नाही म्हणून जिभेच्या बाजूला. आता तारा, ४० हजार, दर महिन्याला कराडची फेरी, आणि तार आवळली की दोन दिवस पोरगी नुसता दूधभात खाते.

तुमचा मुलगा पाचच वर्षांचा आहे, म्हणजे ती सहाव्या वर्षाची दाढ अजून आलेलीच नसणार. अशा वेळी मागची दुधाची दाढ गेली तर ती हिरडीच्या आतूनच पुढे सरकून येते, म्हणजे आमच्यापेक्षा अवघड. रूट कॅनाल केलं तर नवा दात अडतो असं कोणी म्हणेल, तर लहान मुलांच्या दाताच्या मुळात जे औषध भरतात ते मुळाबरोबर विरघळतं.

आणि "आमच्या वेळी कुठं होते डेंटिस्ट, आमचं काय अडलं" हे मी अजून दर सणाला ऐकते. काय अडलं ते आमच्या सासूबाईंच्या ताटात बघा. सकाळ-दुपार मिश्री लावत आल्या, पन्नाशीत एक दाढ शिल्लक नव्हती. भाकरी आमटीत कुस्करून, भिजेपर्यंत थांबून मग खातात, सगळ्यांची जेवणं उरकतात तरी त्यांचं चाललेलं असतं. ऊस तर त्यांनी किती वर्षांत खाल्लेला नाही, आमच्या घरचा ऊस. अण्णांना हे अडलेलं दिसत नाही कारण ताट त्यांचं नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दात घट्ट होतात म्हणून लावतात आणि हिरड्या जातात, तोंडाचा कॅन्सर होतो तो वेगळाच. मी मागे लागून लागून डबी बंद केली, दोन वर्षं झाली.

माझंही चुकलं ते सांगते. चिऊ अडीच वर्षांची होईपर्यंत रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊनच मी झोपवायचे, सकाळी साडेसहाची एसटी असायची, तिला झोपवायची घाई. ते दूध रात्रभर दाताला लागून राहतं, झोपेत लाळही कमी सुटते. तुम्ही देत असाल तर बंद करा, नाहीतर निदान नंतर साधं पाणी पाजा. आणि रात्रीचा ब्रश तुमच्या हाताने, सात-आठ वर्षांचा होईपर्यंत, वाटाण्याएवढी फ्लोराईडची पेस्ट. पोरं स्वतः घासतात ते पुढचे चार दात घासतात.

मी डॉक्टर नाही. दात हलायला लागलेला असेल, किंवा कीड अशी असेल की दात वाचणारच नाही, तर काढणंच बरोबर असतं, तेव्हा एक्स-रे बघून डॉक्टर काय म्हणतात ते ऐका, फक्त काढायचा म्हणाले तर जागा कशी धरायची हे खुर्चीवरून उठायच्या आधी विचारा. पैशाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो, वेळ जातो पण बरंच स्वस्तात होतं. तोपर्यंत सूज आली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, घरात गौरी असल्या तरी.