गिअरबॉक्स अर्धा इंच बाहेरच अडतो

प्रश्न : घरीच जीपचा गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट बदलली. बसवताना तो अर्धा इंच अलीकडेच अडतो. बोल्ट आवळून ओढून घेऊ का? – एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : अजिबात नको! बोल्टने ओढलं की बेल हाउसिंगचा (क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या कवचाचा) बोल्टचा कान तुटतो, नाहीतर क्लचप्लेटचा हब (मधला दातेरी भाग) वाकतो आणि मग क्लच नीट सुटतच नाही. बहुतेक वेळा प्लेट मध्यावर नसते. बॉक्स पुन्हा उतरवा, प्रेशर प्लेटचे (क्लचप्लेट दाबून धरणाऱ्या भागाचे) बोल्ट ढिले करा, जुना इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्सचा क्लचप्लेटमध्ये शिरणारा दांडा) घालून प्लेट मधोमध आणा आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळा. प्लेट उलटी तर बसली नाही ना, रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) फोर्कमध्ये आहे ना, तेव्हाच बघून घ्या. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या लांबट दात्यांना) ग्रीस अगदी पुसट. जास्त झालं तर उडून प्लेटवर जातं, क्लच घसरतो.

चढवताना गिअर टाकून बॉक्सचा मागचा फ्लँज (टोकाची गोल चकती) हाताने हळूहळू फिरवा. दाते जुळले की बॉक्स आत सरकतो. तोवर वजन जॅकवरच हवं, प्लेटवर लटकू देऊ नका. आपल्याकडची काळी माती ओली असली की खचते, म्हणून जॅक-स्टँडखाली जाड फळी घ्याच. शेवटी गिअरबॉक्सच्या लेव्हल प्लगच्या भोकातून ओघळेपर्यंत ऑइल भरा, मगच गाडी चालू करा.